मास्तरांची दुर्बीण

लंडन शहराच्या दक्षिण अंगाला नॉर्बरी नावाचे एक उपनगर आहे. तेथील एका घराच्या आवारात एका हौशी गृहस्थांनी स्वतःपुरती वेधशाळा उभारली होती. १९३३ सालच्या ऑगस्ट महिन्यातील ३ तारखेची रात्र. हे गृहस्थ आपल्या सहा इंची दुर्बिणीतून शनी न्याहाळीत होते. शनीचे बिंब त्यांच्या चांगल्या परिचयाचे होते. ती वलये, ते फिकट पिवळसर पट्टे, ती वलयांची सावली, सारे काही नेहमीच्या जागी होते. परंतु विषुववृत्तालगतच्या पट्ट्यात त्या रात्री एक मोठा, पांढरा शुभ्र, लांबट डाग दिसत होता. तो पूर्वी तेथे नव्हता.

अशा वेळी माणसाने काय करावे? आपण काहीतरी नवीन पाहिले, या आनंदाने कोणाही हौशी निरीक्षकाचे भान हरपले असते. या गृहस्थांनी मात्र दूरध्वनी उचलला आणि डॉ. स्टीव्हन्सन या नामांकित निरीक्षकांना विनंती केली, की आपणही शनीकडे एकवार पाहावे. स्टीव्हन्सन यांनी पाहिले. डाग खराच होता. मग ही वार्ता खगोलशास्त्रज्ञांमध्ये पसरली, ठिकठिकाणच्या दुर्बिणी शनीकडे वळल्या, आणि हा शोध ज्योतिःशास्त्राच्या इतिहासात नोंदला गेला.

वृत्तपत्रांना शनीच्या डागापेक्षाही शोधकर्त्याच्या नावाचे आश्चर्य अधिक वाटले. ज्योतिःशास्त्राच्या वर्तुळात हे गृहस्थ 'डब्ल्यू. टी. हे' या नावाने ओळखले जात. परंतु उरलेल्या सगळ्या इंग्लंडला ते ठाऊक होते ते विल हे या नावाने. रंगभूमीवरील सर्वांत अज्ञानी शाळामास्तर, अशी त्यांची ख्याती होती. ज्याला साधे प्रश्न विचारले तरी घाम फुटावयाचा, ज्याच्या अकलेचे दिवाळे रोज रात्री दोन-दोन खेळांत निघावयाचे, त्या मास्तराने शनीवर डाग शोधून काढला! कित्येकांना हाही एखादा विनोदच वाटला असल्यास नवल नाही.

आज मी जे सांगणार आहे ते या दोन माणसांविषयी. एक रंगमंचावरचा तो मास्तर आणि दुसरे दुर्बिणीपाशी उभे असलेले ते अभ्यासक. त्या दोघांचे नाते वरवर दिसते त्याहून अधिक जवळचे होते, असे मला वाटते.

विल्यम थॉमसन हे यांचा जन्म ६ डिसेंबर १८८८ रोजी इंग्लंडच्या उत्तर भागातील स्टॉकटन-ऑन-टीज या गावी झाला. वडील इंजिनियर होते. मुलगाही त्याच वाटेने जावा अशी घरची अपेक्षा होती, आणि काही काळ तो गेलाही. यंत्रांविषयीचे प्रेम आणि हातांचे कसब ही त्यांची त्या काळातील मिळकत जन्मभर पुरली. भाषांचीही त्यांना गोडी होती. फ्रेंच, जर्मन अशा भाषा त्यांनी आत्मसात केल्या आणि ऐन तारुण्यात दुभाष्याचे कामही केले. म्हणजे या माणसाची बुद्धी चौफेर होती. पुढे ज्याचे सोंग त्यांनी घेतले, त्याच्या अगदी उलट.

रंगभूमीचे वेड लागले ते एका कसरतपटूमुळे. पुढे चित्रपटांत नाव काढणारे अमेरिकन विनोदी नट डब्ल्यू. सी. फील्ड्स हे त्या काळी चेंडू झेलण्याचे खेळ करीत असत. त्यांचा खेळ पाहून विल हे यांनीही चेंडू झेलण्याचा सराव आरंभिला. परंतु त्यांना त्यांची खरी जागा सापडली ती स्वतःच्या घरात. त्यांची बहीण शाळेत शिक्षिका होती. वर्गात घडणाऱ्या गमती ती घरी येऊन सांगे. त्या गमतींतून एका शाळेचे छोटे प्रहसन तयार झाले, आणि त्या प्रहसनातून तो मास्तर जन्माला आला. पहिल्या महायुद्धाच्या वर्षांत विल हे फ्रेड कार्नो यांच्या मंडळीत होते. चार्ली चॅप्लिन आणि स्टॅन लॉरेल हे त्यांच्या आधी याच तालमीत घडलेले. शब्दावाचून, केवळ हालचालीने आणि वेळेच्या अचूक हिशेबाने हशा कसा पिकवावा, याची ती पाठशाळाच होती.

त्या काळच्या 'म्युझिक हॉल' या संस्थेविषयी येथे दोन शब्द सांगितले पाहिजेत. इंग्लंडच्या प्रत्येक मोठ्या गावात ही करमणुकीची गृहे होती. गायक, नर्तक, जादूगार, कसरतपटू, नकलाकार अशा दहाबारा जणांचे छोटेछोटे कार्यक्रम एकामागून एक होत, आणि एका रात्रीत बहुधा असे दोन खेळ लागत. प्रत्येकाच्या वाट्याला मोजकी मिनिटे येत. पुढच्या आठवड्यात गाव बदले, प्रेक्षक बदलत. त्यामुळे एकच प्रहसन वर्षानुवर्षे चाले. आपल्याकडील कीर्तनकार जसा तेच आख्यान शेकडो वेळा लावतो आणि प्रत्येक वेळी त्याला नवी धार देतो, तसाच हा प्रकार. विल हे यांनी आपल्या शाळेच्या प्रहसनाला अशीच अनेक वर्षे धार दिली. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका असे दौरे केले. १९२५ साली राजासमोरच्या खास प्रयोगात त्यांना स्थान मिळाले. नभोवाणी घरोघर पोचल्यावर त्यांचे 'सेंट मायकेल्स' विद्यालयही तिच्या मार्गाने घरोघर पोचले.

आता त्या मास्तराचे चित्र डोळ्यांपुढे आणा. अंगावर जुनाट काळा झगा, डोक्यावर चौकोनी टोपी, नाकावर अडकवलेला आणि सतत घसरणारा बिनकाड्यांचा चष्मा. समोर विद्यार्थी. त्यांतला एक चलाख, एक आगाऊ, आणि एक तर चक्क म्हातारा. इतकी वर्षे त्याच वर्गात बसलेला, की मास्तरापेक्षाही वडीलधारा दिसणारा. मास्तर प्रश्न विचारतो. त्याचे उत्तर त्याला स्वतःला ठाऊक नसते. मुलाने उत्तर दिले की ते बरोबर आहे की चूक, हेही त्याला कळत नाही. मग तो नाकाने एक दीर्घ श्वास ओढतो, चष्मा सारखा करतो, तुच्छतेने मुलाकडे पाहतो आणि उत्तराला उत्तर न देता दुसराच प्रश्न करतो. हेतू हा, की मुलांच्याच तोंडून खरे उत्तर काढून घ्यावे आणि मग ते आपल्याला आधीपासून ठाऊक होते असा चेहरा करावा. मुले हे ओळखून असतात. ती त्याला शांतपणे, पायरीपायरीने दलदलीत नेतात. शेवटी मास्तर मानेपर्यंत रुततो, पण टोपी मात्र सरळच राहते.

आपल्या साहित्यशास्त्रात विनोदाचे शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ आणि स्वभावनिष्ठ असे प्रकार सांगतात. विल हे यांचा विनोद या तिसऱ्या, सर्वांत कठीण प्रकारातला. त्यांच्या प्रहसनातील वाक्ये कागदावर लिहून काढली तर त्यांत फारसे काही उरत नाही. हशा असतो तो दोन वाक्यांमधील जागेत. मास्तराला आपले अज्ञान उमगते तो क्षण, ते लपविण्याचा निर्णय होतो तो क्षण, आणि लपविण्याची युक्ती फसते तो क्षण, हे तिन्ही त्या चेहऱ्यावरून एकापाठोपाठ सरकताना दिसत. नभोवाणीवर चेहरा दिसत नसे. तेथे त्या नाकाच्या श्वासाने आणि नेमक्या मापाच्या स्तब्धतेने तेच काम होई.

आणि आणखी एक गोष्ट. हा मास्तर लबाड होता, भित्रा होता, प्रसंगी मुलांशी पैजा लावणारा आणि हरणारा होता. तरीही लोकांनी त्याच्यावर लोभ केला. कारण त्याच्या ठिकाणी त्यांना स्वतःचा साहेब दिसला, स्वतःचा फौजदार दिसला, आणि मनाशी प्रामाणिक असणाऱ्यांना स्वतःचे मनही दिसले. 'मला ठाऊक नाही' हे तीन शब्द उच्चारण्याची हिंमत नसलेला माणूस, हे त्या भूमिकेचे सार होते.

१९३४ ते १९४३ या दहा वर्षांत विल हे यांनी अठरा चित्रपटांत कामे केली, आणि लोकप्रियतेत ते ग्रेसी फील्ड्स व जॉर्ज फॉर्मबी यांच्या पंक्तीला जाऊन बसले. या चित्रपटांत मास्तराचा झगा अनेकदा उतरला, पण मास्तर तोच राहिला. 'विंडबॅग द सेलर' या १९३६ च्या चित्रपटात तो सागरपर्यटनाच्या बढाया मारणारा कप्तान झाला. प्रत्यक्षात त्याने कालव्यातील कोळशाच्या पडावापलीकडे काही हाकलेले नसते. 'आस्क अ पोलिसमन' या १९३९ च्या चित्रपटात तो एका खेड्यातील पोलिस सार्जंट झाला. गावात वर्षानुवर्षे एकही गुन्हा नाही, म्हणून ठाणेच बंद होण्याची पाळी येते. तेव्हा नोकरी वाचविण्यासाठी पोलिसच गुन्हे निर्माण करू लागतात.

या सर्वांत मुकुटमणी ठरला तो १९३७ चा 'ओ, मिस्टर पोर्टर!'. मार्सेल व्हार्नेल या फ्रान्समध्ये जन्मलेल्या दिग्दर्शकाने तो घडविला. रेल्वेच्या चाकांवर हातोडी मारून ती तपासणारा एक कामगार, वशिल्याच्या बळावर, उत्तर आयर्लंडमधील एका उजाड स्टेशनाचा मास्तर म्हणून रवाना होतो. तेथे त्याच्या हाताखाली दोन माणसे असतात. एक बोळक्या तोंडाचा म्हातारा हारबॉटल आणि दुसरा लठ्ठ, उद्धट पोरगा अल्बर्ट. म्हाताऱ्याचे काम मूर मॅरियट यांनी केले. ते प्रत्यक्षात विल हे यांच्यापेक्षा अवघ्या तीन वर्षांनी मोठे होते. पोऱ्याचे काम ग्रॅहॅम मॉफॅट यांनी केले. खोटी प्रतिष्ठा, म्हातारपणचा कावेबाजपणा आणि तारुण्याचा उर्मटपणा, असे ते त्रिकूट होते. त्या तिघांत कोणीच शहाणा नव्हता, आणि तिघांपैकी प्रत्येकाला मात्र आपणच तेवढे शहाणे आहोत अशी खात्री होती.

चित्रपटातले आयर्लंड खरे आयर्लंड नव्हते. इंग्लंडच्या हॅम्पशायर परगण्यातील बेसिंगस्टोक ते ऑल्टन हा लोहमार्ग नुकताच बंद पडला होता. त्यावरील क्लिडेस्डन या स्टेशनावर हे चित्रण झाले. 'ग्लॅडस्टन' नावाचे जे पुराणे इंजिन चित्रपटात धापा टाकीत धावते, ते १८९९ साली बांधलेले 'नॉर्थियम' नावाचे खरे इंजिन होते; केंट आणि ईस्ट ससेक्स रेल्वेकडून ते उसने आणले होते. तो लोहमार्ग आता राहिलेला नाही आणि ते इंजिनही १९४१ साली मोडीत निघाले. त्या दोघांची धाव तेवढी या चित्रपटात जिवंत राहिली आहे.

त्यांच्या सर्वच कृती अशा निर्मळ नाहीत, हेही सांगितले पाहिजे. १९३८ च्या 'ओल्ड बोन्स ऑफ द रिव्हर' या चित्रपटात हा मास्तर आफ्रिकेत शाळा चालविण्यास जातो. साम्राज्यातील गोऱ्या अधिकाऱ्याच्या मोठेपणाची त्यात थट्टा आहे खरी. परंतु तेथील आफ्रिकी माणसे मात्र त्या काळच्या साम्राज्यवादी नजरेनेच रंगविलेली आहेत. जो मास्तर आपल्या देशात सत्तेचे पोकळ अवसान उघडे पाडीत होता, त्याला समुद्रापलीकडे ते पुरते दिसले नाही. परतंत्र देशाच्या प्रेक्षकाला हे न खुपते तरच आश्चर्य.

आता पुन्हा नॉर्बरीच्या वेधशाळेकडे वळू. तेथे सहा इंची वक्रीभवनी दुर्बीण होती, तशीच साडेबारा इंची परावर्तनी दुर्बीणही होती. परंतु दुर्बिणी काय, पैशाने विकत मिळतात. विल हे यांच्या ठिकाणी असलेली चिकाटी विकत मिळत नाही. धूमकेतूंची आकाशातील स्थाने सूक्ष्ममापकाने अचूक मोजणे, हे त्यांच्या विशेष आवडीचे काम. वेधाचा क्षण नेमका नोंदविण्यासाठी लागणारा कालमापक त्यांनी स्वतः बांधला. इंजिनियर होता होता राहिलेल्या या माणसाचे हात येथे कामी आले. १९३२ साली ते रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीचे सदस्य म्हणून निवडले गेले. १९३५ साली 'थ्रू माय टेलिस्कोप' हे त्यांचे सर्वसामान्य वाचकांसाठी लिहिलेले छोटेखानी पुस्तक निघाले. त्याची प्रस्तावना लिहिणारे वुली हे पुढे इंग्लंडचे राजज्योतिषी झाले. आपले रंगभूमीवरचे नाव त्यांनी या क्षेत्रात चलनी नाण्यासारखे वापरले नाही.

शनीच्या डागाचे महत्त्व काय, असा प्रश्न कोणी विचारील. मराठी माणसाला शनीची ओळख करून देण्याची गरज नाही. साडेसातीचा हिशेब आपल्या घराघरांत ठाऊक आहे. शनीला बारा राशी फिरावयास सुमारे तीस वर्षे लागतात, म्हणून एका राशीत तो अडीच वर्षे राहतो, आणि तीन राशींची मिळून साडेसाती होते. आता मौज अशी, की शनीवरील या प्रचंड पांढऱ्या डागांच्या नोंदी आहेत त्या १८७६, १९०३, १९३३, १९६० आणि १९९० या सालांच्या. म्हणजे जवळजवळ शनीच्या एकेका वर्षाच्या अंतराने. १८७६ चा डाग अमेरिकेतील आसफ हॉल यांनी पाहिला आणि त्याच्या साहाय्याने शनी स्वतःभोवती सुमारे सव्वादहा तासांत फिरतो हे ठरविले. एरव्ही गुळगुळीत दिसणाऱ्या त्या बिंबावर खूण म्हणून धरावे असे काही नसते. डाग ही ती खूण ठरते. २०१० साली मात्र असेच वादळ अपेक्षेपेक्षा बरेच लवकर उठले. त्या वेळी कॅसिनी हे यान शनीभोवती फिरत असल्याने ते जवळून अभ्यासता आले.

हे डाग म्हणजे शनीच्या वातावरणातील महावादळे होत. पृथ्वीवर पाण्याची वाफ हवेहून हलकी, म्हणून दमट हवा सहज वर चढते. शनीची हवा हायड्रोजनसारख्या अतिहलक्या वायूची. तेथे वाफच जड ठरते. म्हणून एक वादळ होऊन गेले, की खालची दमट हवा दशकानुदशके खालीच दबून राहते. वरचा थर हळूहळू थंड होत होत पुरेसा जड झाला, म्हणजे मग ती कोंडलेली हवा एकाएकी उसळून वर येते. वादळांमधील या दीर्घ विरामाचे असे स्पष्टीकरण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात मांडले गेले आहे. १९३३ साली यातील काहीच ठाऊक नव्हते. परंतु असे सिद्धान्त उभे राहतात ते कोणीतरी जागून, नीट पाहून, तारीखवार लिहून ठेवलेल्या नोंदींवर. त्या मालिकेतील १९३३ ची नोंद एका विनोदी नटाची आहे.

दुसरे महायुद्ध सुरू झाल्यावर विल हे राजनौदलाच्या स्वयंसेवक दलात अधिकारी म्हणून दाखल झाले आणि नौदलाच्या वाटेवर असलेल्या मुलांना ज्योतिःशास्त्र व नौकानयन शिकवू लागले. पडाव हाकणाऱ्या त्या तोतया कप्तानाची येथे आठवण होते. पडद्यावर ज्याला दिशा कळत नव्हत्या, तेच गृहस्थ आता ताऱ्यांवरून समुद्रात वाट कशी काढावी याचे पाठ देत होते. जन्मभर खोटी शाळा चालविणाऱ्याला अखेर खरा वर्ग लाभला. त्याच काळात, १९४२ साली, 'द गूज स्टेप्स आउट' या चित्रपटात त्यांचा मास्तर हेर बनून जर्मनीत गेला आणि नाझी विद्यार्थ्यांना त्याने इंग्रजी शिष्टाचाराच्या नावाखाली भलतेच धडे दिले. आंधळ्या आज्ञाधारकपणावर इतके मार्मिक हसणे युद्धाच्या ऐन धामधुमीत क्वचितच कोणी हसले असेल.

१९४३ चा 'माय लर्नेड फ्रेंड' हा त्यांचा शेवटचा चित्रपट. त्याच्या अखेरीस मंडळी लंडनच्या बिग बेन घड्याळाच्या तबकडीवर लोंबकळताना दिसतात. त्यानंतर प्रकृतीने त्यांना फारशी साथ दिली नाही. हारबॉटल आणि अल्बर्ट यांची संगत त्यांनी १९४० नंतर आपण होऊनच सोडली होती. एकाच त्रिकुटात अडकून राहणे त्यांना नको होते. प्रेक्षकांना मात्र त्या तिघांची आठवण येतच राहिली. संसारही तडीस गेला नव्हता. १९०७ साली झालेले लग्न १९३५ मध्ये विभक्त होण्यात संपले. पक्षाघाताने ग्रासून, वयाच्या साठाव्या वर्षी, १८ एप्रिल १९४९ रोजी लंडनमध्ये त्यांचा अंत झाला. मंगळ आणि गुरू यांच्या दरम्यान फिरणाऱ्या लघुग्रहांपैकी ३१२५ क्रमांकाच्या लघुग्रहाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले.

ज्ञानी माणसाने अज्ञान्याचे सोंग घेतले, पोटासाठी विदूषक झाला आणि फावल्या वेळात विद्वान राहिला, असे या आयुष्याचे वर्णन करता येईल. परंतु मला ते अपुरे वाटते. अज्ञान कसे दिसते हे ज्याला आतून ठाऊक आहे, तोच ते इतके हुबेहूब दाखवू शकतो. आणि ते ज्याला ठाऊक होते तोच निरीक्षक म्हणून सावध राहू शकतो. वेध घेणाऱ्याला दर रात्री स्वतःला विचारावे लागते, की मी हे खरेच पाहिले, की मला तसे वाटले? रंगमंचावरचा मास्तर हा प्रश्न टाळण्यासाठी सारी धडपड करीत असे. दुर्बिणीपाशी उभ्या असलेल्या माणसाने तो प्रश्न टाळला नाही.

३ ऑगस्ट १९३३ च्या रात्री मास्तर असता तर त्याने चष्मा सारखा केला असता, नाक ओढले असते आणि तो डाग आपल्याला केव्हाचाच माहीत होता असे सांगितले असते. विल हे यांनी दूरध्वनी उचलला आणि दुसऱ्या माणसाला विचारले, की आपल्यालाही हे दिसते का? त्या एका प्रश्नात त्यांची सारी शाळा होती.